जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या बंपरवर सामानाची पेटी: आधार कुठे घ्यावा, वजन किती चालेल?

मालवा_कॅम्पर, इंदूर

गाडी १९९६ ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. आतून कॅम्पर केलेली: मागे आडवा पलंग, डावीकडे ओटा, सीटखाली बॅटऱ्या. आत सामान ठेवायला जागा उरलेली नाही, म्हणून मागच्या बंपरवर पेटी बसवायची आहे. १.६ मिमी लोखंडी पत्र्याची, १२०० मिमी रुंद, ४०० खोल, ४०० उंच.

पेटीत जायचं सामान: १ किलोवॅटचा छोटा पेट्रोल जनसेट (१३ किलो), पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन, ५ किलोचा गॅस सिलिंडर, दोन घडीच्या खुर्च्या, पाण्याचा पाइप, जॅक, चाकाखाली लावायचे ठोकळे, पान्यांचा डबा.

फॅब्रिकेटर म्हणतो, बंपरवरच दोन अँगल वेल्ड करू, पेटी त्यावर ठेवू. बंपर जाड दिसतो, पण हाताने दाबून हलवला तर किंचित लवतो. त्यामुळे काम थांबवलंय.

मापं: व्हीलबेस ३३५० मिमी, मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून बंपरच्या बाहेरच्या कडेपर्यंत १३५०, बंपरची खालची कड जमिनीपासून ४८०. मागे दोन पाखांचं दार, नंबर प्लेट उजव्या पाखावर.

प्रश्न तीन आहेत. आधार बंपरवर घ्यावा की चासीवर? चासीवर असेल तर वेल्ड की बोल्ट? आणि एकूण वजन किती धरावं?

पाटे_चासी, पीथमपूर

थांबवलंत ते बरं केलंत. बंपरवर अँगल वेल्ड करू नका.

बंपर म्हणजे दाबून आकार दिलेला पत्रा. तो दोन ब्रॅकेटवर असतो आणि ब्रॅकेट चासीला दोन-दोन बोल्टनी. धक्का मागून आला तर तो अंगावर घेण्यासाठी हा जोड असतो. वरून लटकलेलं वजन रोज हजार वेळा हापटतं, ते सोसायला तो केलेला नाही. हाताने लवतो म्हणता ना, तो लव ब्रॅकेटच्या वळणात आहे. पेटी बसवलीत की भेग तिथूनच सुरू होईल. आधी वळणाच्या आतल्या कोपऱ्यात रंगाला केसासारखी रेघ पडते, त्या रेघेतून गंजाचं पाणी उतरतं, आणि मग एका बाजूचा ब्रॅकेट सुटतो.

आता वजन. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं. तुमची पेटी बंपरपासून ५० मिमी सोडून ४०० खोल असेल, तर तिचा मध्य अ‍ॅक्सलपासून १३५० + ५० + २०० = १६०० मिमीवर येतो. पेटीत ठेवलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या अ‍ॅक्सलवरून १६०० भागिले ३३५०, म्हणजे जवळपास अर्धा किलो उचलला जातो, आणि मागच्या अ‍ॅक्सलवर दीड किलो पडतो.

तुमच्या यादीचा हिशेब असा: पेटीचा पत्रा २८ किलो, आधाराचं लोखंड २०, पाणी ४०, जनसेट १३, बाकीचं सगळं मिळून २५. सव्वाशे किलो. म्हणजे पुढून ६० किलो कमी आणि मागे १८५ किलो जास्त. जाम गेटच्या वळणांवर किंवा मानपूरच्या घाटात ओल्या रस्त्याने उतरताना पुढची चाकं जमिनीला धरून राहायला हवी असतात, आणि नेमकं तिथलंच वजन तुम्ही काढून घेताय. स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की लोकांना बरं वाटतं, पण ती खूण चांगली नाही.

मागे बसते म्हणून कमानीत एक पाटा वाढवून घ्या, असाही सल्ला मिळेल. पाटा वाढवला की मागची उंची परत येते, पुढचं गेलेलं वजन परत येत नाही. अ‍ॅक्सलची आणि टायरची क्षमताही तेवढीच राहते.

म्हणून माझी मर्यादा: आधार, पेटी आणि आतलं सामान मिळून ८० किलो. त्यात पुढून ३८ जातात, मागे ११८ वाढतात. पाणी या पेटीत नको. ते दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये, आत जमिनीलगत ठेवा.

आधार चासीच्या दोन लांब रेलवर घ्यायचा, बोल्टने. ५० × ५० × ३ मिमीचा चौकोनी पाइप, दोन तुकडे, प्रत्येकी ९०० मिमी: निम्मा रेलला लागून, निम्मा बाहेर. हा पाइप मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो. खड्ड्यातला दणका म्हणून वजन तिप्पट धरलं, म्हणजे २४० किलो, आणि शेवटच्या बोल्टपासून पेटीच्या मध्यापर्यंत ५०० मिमी, तर एका पाइपवर सुमारे ५९० न्यूटन-मीटर वाकवणारा जोर येतो. या पाइपात त्याने ७० मेगापास्कलच्या आसपास ताण पडतो. साध्या पाइपाचं पोलाद २१० ला वाकायला लागतं, म्हणजे तिप्पट वाव आहे. ४० × ४० × ३ घेतला तर ताण ११५ वर जातो. तो लगेच वाकणार नाही, पण वेल्डपाशी वर्ष-दोन वर्षांत थकेल. किलो-दोन किलो वाचवायला तो घेऊ नका. लोहामंडीत पाइप घेताना जाडी कॅलिपरने मोजून घ्या. ३ म्हणून २.५ हातात येतो.

पोकळ पाइपातून बोल्ट आरपार घालून आवळला की पाइपच्या भिंती आत दबतात. आवळताना घट्ट वाटतं, चार दिवसांत सैल होतं, मग भोक लांबट होतं. यावर उपाय एकच, स्लीव्ह: बाहेरून २० मिमी, आतून १३ मिमी, लांबी बरोबर ५०. पाइपाला दोन्ही बाजूंनी २० चं भोक पाडून स्लीव्ह आरपार घाला, दोन्ही तोंडांना वेल्ड करा, ग्राइंडरने सपाट करा. त्यातून एम-१२, ८.८ ग्रेडचा, ९० मिमी लांब बोल्ट. रेलच्या पलीकडे ६ मिमी जाड पट्टी, जाड वायसर, नायलॉक नट. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सुमारे ८० न्यूटन-मीटर, आणि तो टॉर्क-पान्यानेच, अंदाजाने नाही. सियागंजमध्ये बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ कोरलेलं पाहा.

रेलला नवीन भोक पाडायचंच झालं तर उभ्या भिंतीत, वरच्या-खालच्या कडेच्या पट्टीत कधीच नाही. ताण तिथे सर्वांत जास्त असतो. गॅसने भोक नको, ड्रिलनेच. कड कानशीने मोडा, उघड्या लोखंडाला झिंक प्रायमर. आणि रेलला वेल्ड नको: वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि तडा वेल्डमध्ये न जाता शेजारच्या चांगल्या लोखंडात जातो. असा तडा दिसेपर्यंत खूप उशीर झालेला असतो.

आधी गाडीखाली झोपून तीन गोष्टी बघून कळवा. रेल मागच्या टोकाला उघडा सी आहे की बंद पेटीसारखा? बंपर ब्रॅकेटची भोकं किती अंतरावर आहेत? आणि शेवटच्या ३०० मिमीत हातोडीने ठोकून बघा. चांगलं लोखंड खणखणतं, आतून गंजलेलं बद्द वाजतं.

ओळंबा, वडोदरा

वरचा चासीचा हिशेब पटला. पण पेटीच्या आकाराचं आधी ठरवा, नाहीतर आधार करून झाल्यावर कळेल की दार उघडत नाही.

मागे लोंबणारी लांबी नियमात बसते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम ९३ आहे, त्यात मागची झेप व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंत चालते. तुमचे ६० टक्के म्हणजे २०१० मिमी. पेटीसकट १८०० होतात. मोजताना टेप गाडीला लावू नका. सपाट फरशीवर गाडी उभी करा, हबच्या मध्यातून आणि पेटीच्या मागच्या कडेतून ओळंबा सोडून दोन खुणा करा आणि त्या खुणांमधलं अंतर मोजा.

अडचण उंचीची आहे. मागच्या टायरच्या जमिनीला टेकलेल्या मागच्या कडेपासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत दोरी ताणली तर आज कोन साधारण २२ अंश भरतो. तेवढ्याच उंचीवर पेटी बसवली तर तो १६ अंशांवर येतो, आणि मग पेट्रोल पंपाच्या चढावर किंवा नर्मदेच्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत पेटीचा तळ घासतो. तळ ५५० वर घेतला तर १८ अंश मिळतात. त्याच्या खाली जाऊ नका.

पण तळ ५५० वर म्हणजे माथा ९५० वर. ट्रॅव्हलरच्या दाराची खालची कड त्याच्या बरीच खाली, ७०० च्या आसपास असते. म्हणजे १२०० रुंदीची पेटी दोन्ही पाखं अडवणार. तुमच्या गाडीत मागे पलंग आहे. रात्री ओट्याकडून आग लागली तर झोपलेला माणूस मागच्या दारानेच बाहेर पडणार. ते दार पेटीने बंद करणं मला कुठल्याही हिशेबात मान्य नाही. दोन्ही पाखं मोकळी ठेवायला पेटी खाली न्यावी तर तळ २९० वर येतो आणि कोन १० अंश. तेही चालणार नाही.

दोन मार्ग आहेत. एक, पेटी बाजूला फिरणाऱ्या हातावर. त्याला ट्रेलरचा हब किंवा ३० मिमीचा पिन लागतो, दुसऱ्या टोकाला कुलूपकडी लागते, वजन १५ किलो वाढतं आणि पिनमध्ये झीज आली की पेटी खुळखुळते. शिवाय आतून झोपलेल्या माणसाला ती फिरवता येत नाही. दुसरा मार्ग साधा: पेटी अर्धीच, ७०० रुंद, फक्त एका पाखामागे. दुसरं पाख कायम मोकळं. जे पाख आधी उघडतं आणि ज्याला आतून हँडल आहे, ते मोकळं राहायला हवं. बसवण्याआधी पुठ्ठ्याची पेटी करून टेकूवर ठेवा आणि आतून दार उघडून बाहेर उतरून बघा.

नंबर प्लेट उजव्या पाखावर आहे म्हणता, मग पेटी डावीकडे गेली की तीही झाकली जात नाही. ते फार बरं. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेटचं कुलूप एकदाच बसतं, ती काढून हलवायची म्हणजे नव्याने लावून घ्यावी लागते.

डावा टेल लॅम्प सरळ मागून दिसेल, पण उजवीकडून तिरकं पाहणाऱ्याला पेटीआड जाईल. पेटीच्या मागच्या तोंडावर १२ व्होल्टचा एलईडी लॅम्प द्या, टेल, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही. मूळ बल्ब तसेच ठेवून त्यांना समांतर जोडा, म्हणजे फ्लॅशर रिलेची गती बदलत नाही. अर्थिंगसाठी वेगळी वायर ओढा. रंगवलेल्या आधारातून अर्थ घेतला तर पहिल्या पावसाळ्यात लॅम्प मिणमिणायला लागतो. खाली लाल रिफ्लेक्टर.

मालवा_कॅम्पर, इंदूर

दोघांचेही आभार. खाली जाऊन सगळं पाहिलं.

रेल मागच्या टोकाला उघडा सी आहे, तोंड आतल्या बाजूला. दोन्ही रेलच्या मध्यांमधलं अंतर ८००. ब्रॅकेटची भोकं १३ मिमीची, दोन, एकमेकांपासून ११० वर. डावा रेल खणखणतो. उजव्याच्या टोकाला साधारण हाताच्या पंजाएवढ्या भागात बद्द वाजतो. तिथे आत काळी माती घट्ट बसली होती, ती खरवडल्यावर पापुद्रे निघाले, पण स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आरपार जात नाही.

दाराची खालची कड ७०० वर आहे. उजवं पाख आधी उघडतं, हँडलही त्यालाच. म्हणजे पेटी डावीकडे, ७०० रुंद. पाणी आत नेतो. पण डावीकडे पेटी म्हणजे सगळं वजन डाव्या पाइपवर येईल ना? आणि सायलेन्सरचं तोंड मागे डाव्या बाजूलाच आहे. जनसेट आणि सिलिंडरचं काय करावं?

धूळरोधक, देवास

जनसेट आणि सिलिंडर दोन्ही या पेटीत नको. मागून कोणी धडकलं तर सर्वांत आधी चेपणारी जागा हीच. पेट्रोल असलेली टाकी आणि गॅस, दोन्हींना ती जागा चुकीची. सिलिंडरसाठी आतच, पण राहण्याच्या भागापासून बंद केलेला कप्पा करा, उभा बांधलेला, आणि कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. वरची जाळी काही कामाची नाही. जनसेट न्यायचाच असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलही चालवून संपवून.

पेटीत राहू दे: खुर्च्या, पाण्याचा पाइप, ठोकळे, जॅक, ओढायची दोरी.

काहीजण अमेरिकेतले व्हिडिओ पाहून बंपरवर सामान चढवतात. तिथल्या जुन्या मोटरहोमना आणि ट्रेलरना मागे ४ इंची चौकोनी नळीसारखा बंपर असतो, आत सांडपाण्याचा पाइप ठेवायची सोय. तो पातळ पत्र्याचाच असतो, आणि सायकली किंवा पेट्या टांगल्या की चासीला जोडलेल्या वेल्डपाशी तोही फाटतो. म्हणून तिथेही जाणकार लोक चासीलाच आधार देतात.

पेटी लोखंडी नको. २ मिमी अ‍ॅल्युमिनियमची चेकर शीट घ्या. ७०० × ४०० × ४०० ला पत्रा ८ किलो, बिजागऱ्या-कड्यांसकट १०. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड थेट टेकू देऊ नका, पावसाळ्यात मध्ये पांढरी पूड धरते आणि पत्रा खात जाते. मध्ये ३ मिमी रबर शीट, बोल्टला नायलॉनच्या बुश.

धूळ ही जागा सोडत नाही. गाडी चालताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे चाकांनी उडवलेली धूळ आणि सायलेन्सरचा धूर दोन्ही मागच्या तोंडावर परत ओढले जातात. झाकणाला पोकळ डी आकाराचं ईपीडीएम रबर लावा, साधा स्पंज नाही. झाकण पेटीच्या कडेवरून २५ मिमी खाली उतरणारं असावं. दोन कड्या, ओढून घट्ट होणाऱ्या. तरी पाणी थोडं येणारच, म्हणून तळाच्या चार कोपऱ्यांत १० मिमीची भोकं आणि आतून बारीक जाळी. काळी माती ती भोकं बुजवते, दर धुण्याच्या वेळी तारेने मोकळी करा.

सायलेन्सर: तोंड पेटीच्या खाली येऊ देऊ नका. शेवटचा तुकडा वळवून पेटीच्या बाहेरच्या बाजूने न्या, पेटीपासून निदान १५० मिमी लांब, पण तोंड मागेच राहू द्या, डावीकडे नको. तोंड पेटीखाली राहिलं तर तळ तापतो, रबर कडक होतं आणि पेटीतल्या खुर्च्यांना धुराचा वास कायमचा लागतो.

पाइपांच्या आतून गंज लागतो, तो दिसत नाही. टोकं वेल्डने बंद करा, खालच्या बाजूला सर्वांत सखल जागी ६ मिमीचं भोक ठेवा, आणि रंगानंतर आत मेणाचं गंजरोधक फवारा. बाहेरून झिंक प्रायमर, वर पीयू रंग. नुसत्या रेड ऑक्साइडवर थांबू नका.

पाटे_चासी, पीथमपूर

डाव्या पाइपचा प्रश्न बरोबर विचारलात. नवा हिशेब: दोन पाइप आणि त्यांना जोडणाऱ्या ४० × ४० × ३ च्या दोन आडव्या मिळून १४ किलो, पेटीखालची अँगलची चौकट ७, पेटी १०, सामान २५. एकूण ५६. पुढून २७ किलो जातात, मागे ८३ वाढतात. सव्वाशेच्या मानाने हे निम्म्याहून कमी.

पेटीचा मध्य गाडीच्या मध्यरेषेपासून ३५० डावीकडे आणि रेल ४०० वर, म्हणजे पेटी, चौकट आणि सामानाचं जवळजवळ ९४ टक्के वजन डाव्या पाइपवर. त्यात आधाराचा निम्मा भार मिळवला तर ४६ किलो. आधीच्या ८० किलोच्या हिशेबात एका पाइपवर ४० होते. ताण ७० चा ८१ होतो, ५० × ५० × ३ पुरेसा आहे. दोन आडव्यांपैकी एक चासीच्या टोकालगत आणि एक बाहेर पेटीखाली द्या, म्हणजे डावा पाइप पिळत नाही.

तुमचा डावा रेलच चांगला आहे, हे नशीब. उजव्याकडे भार कमी असला तरी पापुद्रे आलेला भाग तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासा आणि उरलेली जाडी कॅलिपरने बघा. शेजारच्या चांगल्या भागाच्या तीन चतुर्थांशाहून कमी भरली तर आधी रेलची दुरुस्ती, मग पेटी.

ब्रॅकेटची दोन भोकं ११० वर आहेत, एवढं जवळ पुरत नाही. मागचं वापरा आणि त्याच्या पुढे ३०० वर एक नवं पाडा. त्या अंतराने डाव्या बाजूच्या शेवटच्या बोल्टवर दणक्याला साडेतीनशे-चारशे किलोचा जोर येतो. एम-१२ ला तो काहीच नाही. इथे बोल्ट तुटत नाहीत, सैल होतात. म्हणून नट आवळल्यावर नट आणि पट्टीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. १०० किमीनंतर आणि ५०० किमीनंतर पुन्हा टॉर्क लावा. मधल्या काळात रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

पाइप बंपरमधून बाहेर काढायला ७० × ७० ची खाच करा. पाइप ५० चा, म्हणजे चहूबाजूंनी १० मिमी मोकळे. बंपर आणि पाइप कुठेही टेकायला नकोत. खाच करण्याआधी स्टेपनी खाली सोडून बघा: साखळीच्या दांड्याचं भोक किंवा टायर उतरण्याची वाट आडव्या पाइपने अडली, तर पंक्चरच्या वेळी सगळा आधार उतरवावा लागेल.

कागदाचं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे. काम सुरू करण्याआधी मापांचा कागद आणि फोटो घेऊन आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. तुमच्या वयाच्या खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने तपासून होते. तेव्हा पेटी चार बोल्टनी उतरते हे कामाला येतं.

बसवण्याआधी चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवा, टाकी भरलेली आणि आतलं सामान नेहमीसारखं असताना. पेटी भरून पुन्हा मोजा. मागे डावीकडे उजवीपेक्षा १० मिमीहून जास्त बसली, तर आतलं पाणी उजवीकडे सरकवा. वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, असं दोनदा घ्या, पण काट्याची पायरी ५ किंवा १० किलोची असते, एवढ्या फरकाला टेपच जास्त खरं सांगतो.